नववं घर

सासू व्हर्ली वारल्यानंतरच्या पहिल्या ॲपल बटरला, म्हणजे सफरचंदांचा मुरांबा आटवायच्या दिवसाला, नणंद जोरेटा येणार नाही अशी नडीनची खात्री होती. येऊ नये अशी थोडी इच्छाही होती. त्यामुळे ओहायोच्या नंबरप्लेटची गाडी अंगणात शिरली तेव्हा हातातलं सफरचंद अर्धवट सोललेलं ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "आल्या तुझ्या बहीणबाई. थेट डेटनहून. उजाडायच्या आधी निघाल्या असणार."

"येणारच," वेंडेल म्हणाला. "डॅडींनी फोनवर सांगितलंय ना, आईची बावीसची बंदूक कुणाकडे जाणार ते आज ठरवतो म्हणून."

"त्यात ठरवायचं काय? नेम तुझा. तेलपाणी तू करतोस. ती शहरात नेऊन काय करणार, उशीखाली ठेवणार?"

"हळू बोल गं. ऐकेल ती."

"ऐकू दे की."

एवढं बोलून नडीन पुढे झाली आणि जोरेटाला कडकडून मिठी मारली. ती अशीच आहे. पोटात एक, ओठात तेच, पण मिठीत कधी कसूर करत नाही.

"वाळलीस गं," ती म्हणाली.

"एकटीसाठी कोण रांधतं?" जोरेटा म्हणाली. नवरा सोडून गेल्यापासून डेटनच्या घरात ती एकटीच होती, आणि लेक नोकरीसाठी लांब टेक्सासला. हे सगळ्यांना माहीत होतं.

बंदुका आमच्या खोऱ्यात घरोघरी आहेत. हरणासाठी मोठी, टर्कीसाठी दुनळी. पण त्या कामाच्या. पॉइंट बावीसच्या बारीक गोळीची, ही बावीसची, मजेची. व्हर्लीची तर फारच गोड होती: चक्रात काडतुसांची नऊ घरं असलेली रिव्हॉल्व्हर, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, ॲप्रनच्या खिशात मावणारी. हाताला झटका नाही, कानाला दडे नाहीत. सुकी काटकी मोडावी तेवढा आवाज. काडतुसं करंगळीच्या पेराएवढी, मूठभर खिशात टाकली की दुपार निघते. कोंबड्यांच्या खुराड्याजवळ साप आला की व्हर्ली ती काढायची हे खरं, पण साप काही रोज येत नाहीत. ती काढायची ती रविवारी चर्चहून आल्यावर, टाचांचे बूटसुद्धा न बदलता, मागच्या टेकाडावर किडकी सफरचंदं मांडून. एकेक उडालं की स्वतःशीच हसायची. होबर्टशी लग्न करून आपल्याला काय मिळालं ते ती बोटांवर मोजायची, आणि बावीसची पहिल्या बोटावर असायची.

ॲपल बटरच्या दिवशी मात्र सगळ्या कुटुंबानं ती झाडायची, हा रिवाज. अंगणात तांब्याची मोठी कढई, खाली विस्तव, आत दिवसभर आटणारी सफरचंदं. ढवळायची पाळी नसेल त्यानं कोठाराच्या मागे जायचं. तिथं टेकाडाच्या पोटाशी, अक्रोडाच्या फांदीला, तारेनं जुन्या पातेल्याचं झाकण टांगलेलं. पहिली फेरी नेहमी व्हर्लीची. यंदा पहिली फेरी कुणाची, हा विषय अजून कुणी काढला नव्हता.

बावीसची स्वयंपाकघरात, नेहमीच्या खणात, पिठाच्या डब्याशेजारी होती. जोरेटानं आधी हात धुतले, मग खण उघडला. आईला भेटल्यासारखं तिला वाटलं. तिनं चक्र बाजूला पाडलं, सगळी घरं रिकामी असल्याची खात्री केली, आणि सवयीनं लाल ठिपका शोधला.

ठिपका नव्हता.

चक्राच्या एका घराशेजारी आईनं नेलपॉलिशचा ठिपका दिलेला असायचा, पिकल्या टोमॅटोच्या रंगाचा. पुसट झाला की ती नवा द्यायची. ते घर रिकामं ठेवायचं आणि घोडा त्याच्यावर टेकवायचा. "म्हणजे चुकून हातातून पडली तरी सुटायची नाही," ती मुलांना सांगायची. नऊ घरांत आठच काडतुसं. खरं म्हणजे त्या घरात काडतूस जायचंच नाही. तोंडाशी कड आत दबलेली होती, अर्ध्यावर अडकायचं. जोरेटानं करंगळीचं नख एकेका घराच्या कडेवरून फिरवलं. सगळ्या कडा गुळगुळीत. 

वेंडेल तिला मांस धुरवायच्या खोपटामागे लाकडं फोडताना सापडला.

"काय केलंस तू आईच्या बावीसचीला?"

"बघितलंस?" त्याचा चेहरा उजळला. "डॅडींना अजून सांगितलं नाही हं. आज सगळ्यांसमोर नऊच्या नऊ भरून देणार आहे. घराची कड सरळ करायचं हत्यार मिळतं, मुद्दाम मागवलं. हळूहळू, तेल घालून, अजिबात खरवडलं नाही. कारखान्यातून आली तेव्हा अशी असेल."

"आणि ठिपका?"

"तो नळी साफ करायच्या तेलानं गेला. आता लागतोय कशाला? नववं घर चालतं ना."

"तुला कुणी सांगितलं होतं चालव म्हणून?"

वेंडेलनं कुऱ्हाड खाली ठेवली. तो वाईट माणूस नाही. मोडकं दिसलं की त्याचे हात शिवशिवतात, एवढंच. "जोरेटा, तो दोष होता. कुणीतरी काडतूस न घालता रिकामी खटखटवली असणार. बावीसचा घोडा काडतुसाच्या मधोमध पडत नाही, कडेवर पडतो; घर मोकळं असलं की थेट पोलादावर. डॅडी जन्मभर कोकलतायत, रिकामी खटखटवू नका म्हणून. मला तर वाटतं क्लेटसकाकानंच…"

"आईच्या मातीच्या दिवशी," जोरेटा म्हणाली, "सगळे जेवत होते तेव्हा डॅडी मागच्या पायरीवर बसले होते. चक्र उघडून. आणि बोट त्या घरावर ठेवून. मी बघितलंय. का ते मला माहीत नाही. पण ते दोषावर बोट ठेवून बसले नव्हते रे."

 वेंडेलचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसेच.

"सांगणार तू त्यांना?" शेवटी त्यानं विचारलं.

"का सांगू नये?"

सांगायचं असंच ठरवून ती कढईकडे निघाली. खोटं कशाला बोला, तिला बावीसची हवी होती, फार हवी होती. आईच्या बाकी वस्तू वाटल्या गेल्या तेव्हा ती डेटनला होती. गोधड्या नडीननं घेतल्या, भांडी चर्चला गेली. तिच्या हाती आईचा एक चष्मा आला होता, आणि चष्म्यानं कुणाचं पोट भरत नाही. आज एक वाक्य बोललं की वेंडेलचा पत्ता कटणार होता.

होबर्ट लांब दांड्याचं ढवळणं घेऊन एकटाच उभा होता. ऐंशी ओलांडली तरी कढई दुसऱ्याला द्यायला त्याचा जीव होत नसे. लेक येताना दिसली तसा तो हसला.

"ये. जरा धर. हात भरून आले."

तिनं दांडा धरला. दोघं मिळून ढवळू लागले.

"तुला आधीच सांगतो," होबर्ट म्हणाला. "मागाहून रुसू नकोस. बावीसची वेंडेलला द्यायचं मनात आहे."

"हं."

"तुझ्या डेटनला कुठं झाडणार तू? खिडकीतून? शेजारी पोलीस बोलावतील. आणि तो दर रविवारी येतो गं. माझ्या पायाची नखंसुद्धा कापतो. मला वाकवत नाही आता."

"डॅडी," जोरेटा म्हणाली. वाक्य जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात दांडा कढईला लागला, टण्‌कन. आमच्याकडे ॲपल बटर जोडीनं ढवळतात, आणि दांडा कढईला लागला की लावणाऱ्यानं जोडीदाराचा मुका घ्यायचा. व्हर्ली मुद्दाम लावायची, हे साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं. टण् ऐकताच होबर्टनं मान उजवीकडे वळवली आणि गाल पुढे केला. मग उजवीकडे कुणी नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो तसाच थोडा वेळ धुराकडे बघत राहिला.

जोरेटा वळसा घालून त्याच्या उजवीकडे गेली आणि तिनं त्या गालाचा मुका घेतला. दाढीला सफरचंद आणि दालचिनीचा वास होता. ह्या माणसाचं आज आणखी काही जायला नको, तिला वाटलं. बावीसची गेली तर गेली.

"काय म्हणत होतीस?" होबर्टनं विचारलं.

"काही नाही. दालचिनी जास्त झालीय म्हणत होते."

"तुझी आईसुद्धा हेच म्हणायची. दोघींच्या जिभा बिघडलेल्या."

ती थेट स्वयंपाकघरात आली. नडीन अंडी सोलत होती, तिची लेक केल्सी टेबलावर बसून ती खात होती.

"नेलपॉलिश आहे कुणाकडे? लाल?"

"आत्ता?" केल्सी म्हणाली. "आत्या, कुणी भेटायला येणारे का?"

"थोबाड बंद ठेव आणि पर्स उघड."

केल्सीकडे होतं ते जांभळं, जवळजवळ काळं. नडीननं आधी जोरेटाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या बावीसचीकडे, आणि अंड्याचे हात पुसले. तिला सगळं माहीत होतं. हत्यार आलं ते खोकं तिनंच उघडलं होतं.

"मी म्हटलं होतं त्याला," ती म्हणाली, "म्हाताऱ्याला विचार आधी. ऐकतो कुठे! त्याला मोठं आश्चर्य द्यायचं होतं." ती आतून एक बाटली घेऊन आली. "लाल नाही. गुलाबीकडे झुकतंय. पण केल्सीच्या पपॉआजोबाला चष्म्याशिवाय गाय आणि गाडी सारखीच."

"तू का मदत करतेयस मला?"

"तुला कोण करतंय? माझ्या नवऱ्याला करतेय." नडीननं बाटलीचं झाकण फिरवलं. "आणि तूही त्यालाच करतेयस, कळतंय मला. आण इकडे. कुठलं घर?"

आता कुठलं होतं ते सांगता येत नव्हतं. सगळी घरं सारखी झाली होती. जोरेटानं डोळे मिटून एकावर बोट ठेवलं, नडीननं ठिपका दिला आणि तिघी आळीपाळीनं त्यावर फुंकर मारत बसल्या. केल्सीला एवढं हसू आलं की फुंकरीबरोबर अंडंही उडालं.

ऊन टेकाडावर कलतं झालं तेव्हा सगळे कोठाराच्या मागे जमले. होबर्टनं बावीसची हातात घेतली आणि म्हणाला, "पहिली फेरी जोरेटाची. व्हर्लीच्या जागेवर लेक."

जोरेटानं स्वतःच भरली. आठ. ठिपक्याचं घर सोडून. हात आधी अवघडले होते. पहिली गोळी टेकाडात गेली.

"डेटन!" केल्सी ओरडली.

दुसरीही गेली. तिसरीला मात्र झाकण टिंगकन वाजलं आणि तारेवर गोल फिरलं, आणि जोरेटाच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. मग तिनं घाई केली नाही. घोडा अंगठ्यानं ओढायचा, श्वास अर्धा सोडायचा, चाप दाबायचा. टिंग. पुन्हा टिंग. बारुदाचा तो हलका गोडसर वास, तळहातात लाकडी मूठ, आणि लांब तिकडे आपल्या बोटाच्या हुकमानं वाजणारं झाकण. एवढ्याशा गोष्टीनं माणूस इतका खूश का होतो कोण जाणे, पण होतो. ती मोठ्यानं हसली. आईसारखी, स्वतःशीच.

वेंडेलनं त्याच्या फेरीत झाकणाला हात लावला नाही; गोळीनं त्याची तार तोडली. "दाखवतोय," नडीन म्हणाली, पण अभिमानानं. तार पुन्हा बांधली. केल्सीनं कुंपणावरची सफरचंदं उडवली, नडीननं कुंपणच उडवलं. झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गवतात पडत होत्या आणि सगळे एकमेकांचं बोलणं तोडत बोलत होते. वेंडेल दर फेरीला ठिपक्याचं घर मुकाट सोडत होता. सोडताना बहिणीकडे एकदा बघत होता.

"आण," होबर्ट म्हणाला. "आता म्हातारा."

त्यानं खिशातून चष्मा काढला आणि नाकावर चढवला. तो चष्मा आणील असं तिघींपैकी कुणालाच वाटलं नव्हतं. चक्र पाडून त्यानं आत पाहिलं. मग आणखी जवळ धरून पाहिलं.

"हा रंग व्हर्लीचा नाही."



होबर्टनं अंगठा त्या घराच्या कडेवरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग शेजारच्या, त्याच्या शेजारच्या, असा पुरा वळसा घेतला. शेवटी एक काडतूस उचलून त्यानं ठिपक्याच्या घरात टाकलं. ते सरळ आत गेलं.

"मी केलं, डॅडी," वेंडेल म्हणाला.  "मला वाटलं… तुमच्यासाठी दुरुस्त करावं."

"आणि हा गुलाबी ठिपका?"

"माझा," जोरेटा म्हणाली.

"पॉलिश माझं," नडीन म्हणाली.

"फुंकर माझी, पपॉ," केल्सी म्हणाली. "मी मध्ये असायलाच हवं ना."

होबर्टनं चष्मा काढून शर्टाला पुसला. त्याला वाईट वाटलं होतं. ते लपवायचा प्रयत्न त्यानं केला नाही.

"ती तुमच्या आईची खूण होती," तो म्हणाला. "लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी मिशिगनला मोटारींच्या कारखान्यात गेलो. ही तिच्याकडे ठेवून. म्हटलं, सराव कर, पण रिकामी खटखटवू नकोस, चक्राच्या घरांत पुंगळ्या घाल. मी झाडलेल्या नऊ पुंगळ्या देऊन गेलो. त्यातली एक फळ्यांच्या फटीतून घराखाली गेली. मग तिनं आठच घातल्या, नववं घर तसंच मोकळं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरून, रोज संध्याकाळी, खट, खट, खट. मी परत आलो तर झाडावरचा अक्रोड देठासकट पाडायची. आणि नववं काडतूस जाईना."

"आईनं?" वेंडेल म्हणाला. "तुम्ही जन्मभर आम्हाला ओरडलात ते…"

"बायकोला ओरडता येईना म्हणून! एकदाच ओरडलो. तिनं आठवडाभर बीन्स करपवून वाढले. मग म्हणाली, 'घर खायला उठायचं, होबर्ट. आवाज हवा होता कसलातरी.'" तो थांबला. "त्यानंतर त्या घरात कधी काडतूस घालावंसं वाटलं नाही. कुणाला सांगायचं नाही असं तिनं वचन घेतलं होतं. आता तीच गेली."

"मला माहीत असतं तर हात लावला नसता मी," वेंडेल म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि जोरेटानं त्याचा दंड धरला होता.

"माहीत आहे रे."

होबर्टनं नवव्या घरातलं काडतूस काढून खिशात टाकलं, बाकीची आठ भरली आणि झाकणाकडे वळला. हात हलत होता, तरी एकदा टिंग झालं, मग आणखी एकदा. आठ संपल्या. आता तो चक्र पाडणार म्हणून वेंडेलनं हात पुढे केला. होबर्टनं नळी टेकाडाकडेच ठेवली आणि चाप पुन्हा ओढला.

खट.

वेंडेलच्या तोंडून 'आई गं' निघालं. ह्या कुटुंबात हा आवाज मुद्दाम करणं म्हणजे चर्चमध्ये शिवी देणं. होबर्ट थांबला नाही. झाडलेल्या पुंगळ्यांवरून चक्र फिरवत आणलं आणि मोकळ्या घरावर पुन्हा खट. मग बावीसची वेंडेलच्या हातात दिली.

"सुधारलंस ना? आता बिघडव."

वेंडेलनं बापाकडे पाहिलं, आणि एकदम हसत, रडत चाप ओढू लागला. मग जोरेटा. मग नडीन, डोळे मिटून. केल्सी तर देईचना. ओढून घ्यावी लागली. शेवटी होबर्टनं खिशातलं काडतूस काढलं, पुंगळी नसलेल्या त्या घरात घालून बघितलं. गेलंच आत. कडेशी जरासं अडल्यासारखं वाटलं, किंवा सगळ्यांना तसं वाटावंसं वाटलं.

"अडकत नाही अजून," वेंडेल खजील होऊन म्हणाला.

"व्हर्लीला सबंध हिवाळा लागला होता." होबर्टनं काडतूस परत खिशात टाकलं आणि पुंगळ्या तळहातावर पाडल्या. "वेंडेल, तुला द्यायची होती ही. राग मानू नकोस. जोरेटा नेईल."

"राग कसला," वेंडेल म्हणाला, आणि त्यात खोट नव्हती. "राज्याबाहेर जायची तर बंदुकांच्या दुकानातून कागद करावे लागतील. मी बघतो."

"ॲपल बटरला इकडे आणायची. तेलपाणी तू करायचंस. पुसायचं, सुधारायचं नाही."

"पण डॅडी," जोरेटा म्हणाली, "तुम्हीच म्हणालात, डेटनला कुठं झाडणार?"

"नाहीच झाडता येणार. म्हणून तर तुला." त्यानं तिची मूठ उघडली, आठ पुंगळ्या तीत ठेवल्या आणि मूठ मिटली. "संध्याकाळी घर खायला उठलं की ह्या पुंगळ्या घालायच्या, पण रिकाम्याच आहेत ना ते डोळ्यांनी बघून. आणि नववं घर मोकळं सोडायचं."

त्या संध्याकाळी ॲपल बटरच्या बरण्या गाडीत मागे रचल्या, नडीननं न मागता एक गोधडी वर टाकली. बावीसची कागद होईपर्यंत खणातच राहणार होती. जोरेटा पुंगळ्या कोटाच्या खिशात घालून निघाली, आणि नदीवरच्या पुलापर्यंत त्या खिशात हलवत, त्यांचा आवाज ऐकत गेली.